कोकणात विहिरीसकट जुनं घर घेतोय. व्यवहाराआधी पाणी कसं तपासून घ्यायचं?

अबोली | १४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. गुहागर तालुक्यात एक घर बघून आलोय. चौदा गुंठे जागा, जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर, मागे नऊ माड, थोड्या पोफळी आणि परसात विहीर. समुद्र चालत दहा मिनिटांवर. सासऱ्यांचं लहानपण त्याच पट्ट्यात गेलं. आता ते आणि सासूबाई वर्षातले सात-आठ महिने तिथे राहायचं म्हणतायत.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. विहीर नऊ फूट रुंद, मालकांच्या सांगण्याप्रमाणे ३४ फूट खोल. पाणी इतकं वर होतं की कठड्यावरून वाकलं की स्वतःचा चेहरा दिसत होता. मालकांनी पोहरा सोडून पाणी काढलं, सासरे ओंजळीने प्यायले आणि काही न बोलता तिथेच कठड्यावर बसून राहिले. व्यवहार आमच्या बाजूने तेव्हाच ठरल्यासारखा झाला.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. गावात नळपाणी योजना आहे, पण पाणी एक दिवसाआड आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणजे घर चालणार ते विहिरीवरच. सासूबाईंची एक किडनी काढलेली आहे, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत "बघू पुढे" असं म्हणायची माझी तयारी नाही.

मालकांनी टीडीएस मीटर लावून ९० आकडा दाखवला आणि बाटलीतल्या पाण्यासारखं आहे, आणखी काही तपासायची गरज नाही म्हणाले. मध्यस्थांचंही तेच म्हणणं. हे पुरेसं आहे का? नमुना कुठे द्यायचा, कसा द्यायचा? शेजारची दोन घरंही याच विहिरीवर पाणी भरतात, त्याचं कागदोपत्री काय करायचं? इसार अजून दिलेला नाही. महिनाअखेर द्यायचा असं बोलणं झालंय.

---

कळशी | १४ नोव्हेंबर, रात्री ११.१५

अबोलीताई, इसार दिला नाही हे फार बरं झालं. सविस्तर लिहिते, कारण जे तुम्ही आत्ता विचारताय ते सहा वर्षांपूर्वी मी कोणालाच विचारलं नव्हतं.

आम्ही दापोली तालुक्यात घर घेतलं ते असंच नोव्हेंबरात. सातबारा बघितला, फेरफार बघितले, घरपट्टीच्या पावत्या बघितल्या. माझ्या दिरांनी माळ्यावर चढून वाळवीसाठी एकेक वासा ठोकून पाहिला. विहिरीत मात्र कोणी नीट डोकावलं नाही. पाणी दिसत होतं ना, मग झालं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पंप हवा ओढायला लागला. खाली बघितलं तर पंपाच्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व उघडा पडलेला आणि तळाला गुडघाभर गढूळ पाणी. नोव्हेंबरात ज्या विहिरीत वीस फूट पाणी होतं तिची ही गत.

जांभ्याचं असंच असतं. तो दगड भोकाभोकांचा. पाऊस पडला की पाणी झरझर आत घेतो आणि तितक्याच वेगाने खालच्या अंगाला सोडून देतो. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात ते यामुळेच. म्हणून पहिली गोष्ट, विहीर मे महिन्यात बघा. दिवाळीत कोकणातल्या सगळ्या विहिरी भरलेल्या असतात, त्यावरून काहीही कळत नाही.

मेपर्यंत थांबता येत नसेल तर विहीरच थोडंफार सांगते. भर दुपारी, साडेबाराच्या सुमारास जा आणि बरोबर घरातला हातभर आरसा न्या. कठड्याच्या एका बाजूला उभं राहून उन्हाचा कवडसा आत सोडा आणि तो भिंतीवरून गोल फिरवत न्या. बॅटरीने दिसत नाही ते या कवडशात दिसतं. पाणी उतरत जातं तसे बांधकामावर पट्टे राहतात, शेवाळ कुठवर आहे आणि दगड कुठून कोरडा पांढरा आहे ते बघा. पाणी वर असेल तर अर्थात खालचं झाकलेलं राहणार. मग पंपाचा पाइप किती लांब सोडलाय ते विचारा. मागच्या काही वर्षांत तो वाढवून खाली नेला असेल तर जोडावरून कळतं. घराशेजारी मोठी सिंटेक्सची टाकी जमिनीवरच ठेवलेली दिसली तर ती कशासाठी, हेही विचारा. ती बहुधा टँकरचं पाणी उतरवून घ्यायला असते.

आणि पुरुषमाणसांना नको, शेजारच्या बायकांना विचारा. "विहिरीला पाणी असतं का?" असं नाही विचारायचं, त्याला सगळे हो म्हणतात. "मे महिन्यात धुणं कुठे धुता?" असं विचारा. मला हे नंतर सुचलं. आमच्या शेजारच्या काकूंनी लगेच सांगितलं, "पऱ्ह्यावर. नि तो आटला की खालच्या वाडीत." आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं त्यांनी.

आता दुसरं, आणि माझ्यासाठी जास्त जिव्हारी लागलेलं. पहिल्याच जूनमध्ये मोठा पाऊस झाला आणि दोन तासांत विहिरीचं पाणी तांबूस झालं. आम्हाला वाटलं, पावसाळ्यात होतंच. जुलैत मुलाला कावीळ झाली. सहा वर्षांचा होता तो. पंधरा दिवस अंथरुणाला खिळला, डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी अभिमानाने सांगितलं, घरच्या विहिरीचं. तेव्हा त्यांनी पाणी तपासून आणायला सांगितलं. अहवालात ई. कोलाय निघाले, म्हणजे सरळ मैला.

तेव्हा मी तो आरसा घेऊन विहिरीवर गेले. वरच्या अंगाच्या भिंतीला, कठड्यापासून पाचेक फुटांवर, दोन चिऱ्यांच्या मधून एक ओली काळपट रेघ खाली उतरत होती. बाकी भिंतीवर शेवाळ हिरवंगार आणि या रेघेच्या बाजूने बुळबुळीत, करडं. जोडातलं चुन्याचं भरण गेलेलं आणि त्यातून कसल्याशा झाडाची केसासारखी मुळं बाहेर आलेली. त्या रेघेच्या सरळ वर बघितलं तर कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा शोषखड्डा. वर्षभरापूर्वीच नवीन केलेला. दोरी धरून अंतर मोजलं, ३२ फूट. खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला हवा. आमच्याकडे अंतर कमी होतं, खड्डा वर होता आणि मधे जांभा. शेजाऱ्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मी भांडायला गेले होते, पण त्यांच्या आजींनी माझ्या मुलाची चौकशी केली आणि मलाच रडू आलं. शेवटी निम्मा निम्मा खर्च करून खड्डा दुसऱ्या टोकाला हलवला. विहिरीचे वरचे दहा फूट आतून सिमेंटने भरून घेतले, कठडा अडीच फूट उंच केला, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला चार फूट रुंद पक्का ओटा घातला आणि सांडपाण्याला नाली काढली. एका वर्षाने पावसाळ्यात पाणी तपासलं तेव्हा ई. कोलाय नव्हते.

तर अबोलीताई, घरमालक विहीर दाखवतील तेव्हा तुम्ही विहिरीकडे पाठ करून भोवताली बघा. वरच्या अंगाला कोणाचा संडास, कोणाचा गोठा, कोणाचा उकिरडा. घराच्या स्वतःच्या सेप्टिक टाकीची जागाही चालत जाऊन बघा, "तिकडे मागे आहे" यावर जाऊ नका. मोठा पाऊस झाल्यावर पाणी किती वेळात गढूळतं हेही शेजारी विचारा. दोन-चार तासांत गढूळ होत असेल तर वरचं पाणी न गाळता आत येतंय.

आणि व्यवहाराचं. इसारपावतीत किंवा साठेखतात एक ओळ घालून घ्या: पाण्याचा तपासणी अहवाल पिण्यायोग्य आला नाही, किंवा मे महिन्यात विहिरीला अमुक फूट पाणी राहिलं नाही, तर इसार परत. मालक प्रामाणिक असतील तर हरकत घेणार नाहीत.

---

अबोली | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

कळशीताई, रात्री झोपताना वाचलं आणि मग झोपच लागली नाही. मुलगा आता कसा आहे? आरशाचं मी कधीच ऐकलं नव्हतं. वरच्या अंगाला एक गोठा आहे हे आता आठवतंय, अंतर माहीत नाही. पुढच्या शनिवारी परत जातोय, टेप घेऊन.

---

निवळी | १५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मी एकतीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो. कळशीताईंनी बाहेरून काय बघायचं ते सांगितलंय, मी आतलं सांगतो.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो आणि तेवढंच मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचे चार थेंब पडलेलं पाणीही ९० दाखवेल. शिवाय जांभ्यातल्या पाण्याला टीडीएस मुळातच कमी असतो, त्यात त्या विहिरीचं विशेष कौतुक काही नाही.

दोन वेगळ्या तपासण्या करायच्या आहेत, जैविक आणि रासायनिक. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा असते आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचीही प्रयोगशाळा असते. जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून या प्रयोगशाळा खासगी माणसांचे नमुनेही माफक शुल्कात घेतात. आधी फोन करून दर, वेळ आणि बाटल्या कुठे मिळतील ते विचारून घ्या.

जैविक नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यायची, निर्जंतुक केलेली. घरची पाण्याची बाटली उकळून नेली तरी चालत नाही. नमुना पंपाच्या नळाचा घेणार असाल तर नळाला लावलेली रबरी नळी काढा, तोंड पुसून जाळ दाखवा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या आणि मग बाटली भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बाटली काठोकाठ भरायची नाही, वर थोडी जागा ठेवायची. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, कितीही झालं तरी २४ तासांच्या आत. सोमवार ते बुधवार यातच नमुना द्या. जंतू वाढवून बघायला दोन दिवस तरी लागतात आणि मधे सुट्टी आली की घोटाळा होतो. रासायनिक तपासणीला दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरला की पुरे, त्याला घाई नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नमुना घ्यायच्या आदल्या दिवशी कोणी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली असेल तर जैविक अहवाल निर्मळ येणारच, आणि तो खोटा असणार. म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बरोबर न्या. त्याच्याकडे ओटी टेस्टची बाटली असते. नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकले आणि पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. तसं झालं तर नमुना घेऊच नका, आठ-दहा दिवसांनी परत या.

अहवालात काय बघायचं? आपलं मानक आयएस १०५००, सन २०१२ चं. ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. सामू, म्हणजे पीएच, ६.५ ते ८.५. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. गोठा वर आहे म्हणालात म्हणून नायट्रेटकडे मुद्दाम बघा. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. फ्लोराइडसाठी चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे जेवढी काळजी करावी लागते तेवढी तुमच्या पट्ट्यात नाही, तरी एकदा आकडा घेऊन ठेवायला हरकत नाही. वर हापूसची कलमं असतील तर खोडाशी कोणती औषधं ओततात ते बागायतदाराला विचारा. नेहमीच्या तपासणीत कीटकनाशकं येत नाहीत, ती वेगळी आणि महाग तपासणी आहे.

जांभ्यातल्या पाण्याचा सामू सहाच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. असं आंबट पाणी नळाच्या पितळेला आणि जुन्या लोखंडी पाइपांना खातं. घरातल्या मोरीत नळाखाली हिरवट किंवा गंजाचा डाग पडलाय का बघा. यावर आरओ बसवायचा सल्ला सर्रास देतात. ९० टीडीएसच्या पाण्याला आरओ लावू नका. असलेले थोडे क्षारही जातील, सामू आणखी उतरेल आणि निम्म्याहून जास्त पाणी वाया जाईल, ते मे महिन्यात परवडणारं नाही. चुनखडीच्या खड्यांची गाळणी आणि त्यापुढे जंतू मारणारा यूव्ही दिवा पुरतो. सासूबाईंच्या डॉक्टरांना मात्र दोन्ही अहवाल नेऊन दाखवाच.

आता समुद्र. दहा मिनिटांवर म्हणजे क्लोराइड बघायलाच हवं, आणि तेही मेमध्ये. २५० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे विहिरीत शंभराला दोन भाग समुद्र मिसळला तरी पाणी मचूळ लागायला लागतं. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगत असतं. वरचं गोडं जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं. म्हणून किनाऱ्याच्या विहिरीला मोठा पंप लावू नका आणि पाणी कमी पडलं म्हणून शेजारी बोअर मारायच्या फंदात पडू नका. खारं पाणी एकदा आत शिरलं की कित्येक पावसाळे जावे लागतात. जुन्या बायका डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही यावरून ते ओळखायच्या. तेही शेजारी विचारून बघा.

---

हंटरडनकर | १६ नोव्हेंबर, पहाटे ४.२०

आम्ही न्यू जर्सीत हंटरडन काउंटीत घर घेतलं, त्यालाही खासगी विहीर, म्हणजे तुमच्या भाषेत बोअर. इकडे २००२ पासून कायदाच आहे की विहिरीचं घर विकताना पाण्याची तपासणी झालीच पाहिजे आणि व्यवहार पुरा होण्याआधी विकणारा व घेणारा दोघांनीही अहवाल वाचल्याची सही दिली पाहिजे. नमुना प्रयोगशाळेचा माणूस येऊन घेतो. जंतू, नायट्रेट, लोह, शिसं, युरेनियम, आणि २०२१ च्या डिसेंबरपासून पीएफएएस या सहजी नष्ट न होणाऱ्या रसायनांच्या गटातली तीन रसायनंसुद्धा. आमच्या पाण्यात आर्सेनिक ८ मायक्रोग्रॅम निघालं. देशाची मर्यादा १० आहे पण न्यू जर्सीची ५. इथल्या खडकातच ते आहे, चवीला, वासाला काही कळत नाही.

एक सांगायचं म्हणजे, अहवाल वाईट आला तर विक्री थांबते असं कायदा म्हणत नाही. तो फक्त दोघांना माहीत असलं पाहिजे एवढंच म्हणतो. पुढचं आपसात ठरवायचं. आम्ही गाळणीचा खर्च मालकांकडून किमतीतून वळता करून घेतला. माझ्या आईवडिलांच्या राजापूरच्या घराची विहीर मी आजवर एकदाही तपासलेली नाही, हे वरचं वाचताना लक्षात आलं. काल रात्रीच भावाला फोन केला.

---

मधला वाडा | १६ नोव्हेंबर, रात्री ८.५०

मी विकणाऱ्याच्या बाजूचा. गेल्या वर्षी देवगडकडचं आमचं घर विकलं. विकणारे सगळे लपवतात असं नाही, पुष्कळांना स्वतःलाच माहीत नसतं. आयुष्यभर तेच पाणी प्यायलेलं असतं, त्यात तपासायचं काय, असं मनापासून वाटतं. माझे वडील असते तर तपासणीचं नाव काढलेलं त्यांना आवडलं नसतं.

वडिलांची एक सवय होती. दर महिन्याच्या एकादशीला गाठी मारलेली दोरी सोडून पाणी किती हात आहे ते कॅलेंडरवर लिहायचे. ती जुनी कॅलेंडरं मी घेणाऱ्यांसमोर ठेवली. मे महिन्यात दीड हात पाणी, सलग तीन वर्षं. ते पाहून त्यांनी किंमत थोडी कमी करून मागितली, मी केली. आजही त्यांचा फोन येतो.

विकायच्या आधी विहीर साफ करून घेतली, त्याबद्दल मात्र कळकळीने लिहितो. गाळ काढायला मेच्या शेवटी, पाणी तळाला गेल्यावर माणसं उतरतात. बंद पडून असलेल्या खोल विहिरीत तळाला वाईट हवा साठलेली असते. आधी कंदील सोडून बघायची पद्धत आहे, तो विझला तर उतरायचं नाही हे नक्की. पण कंदील जळत राहिला म्हणून सगळं ठीक असंही नाही. डिझेल पंप विहिरीच्या आत कधीही उतरवू नका, त्याच्या धुराला वास येण्याआधीच माणूस कोसळतो. एक गेला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. पंप वरच ठेवा, हवा खेळती करा, कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका आणि वर दोन धट्टीकट्टी माणसं ठेवा. मजुरी चार पैसे जास्त गेली तरी जाऊ दे.

शेजाऱ्यांच्या पाण्याबद्दल. वीस वर्षं उघडपणे, हक्काने, विनाखंड कोणी पाणी भरत असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे तो हक्क तयार होऊ शकतो, मालक बदलला म्हणून जात नाही. परवानगीने, उपकार म्हणून भरत असतील तर गोष्ट वेगळी. त्यामुळे खरेदीखतात नुसतं "विहिरीसह" एवढं लिहून भागत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का, विहीर सामाईक आहे का आणि इतर हक्कांत काय लिहिलंय ते बघा. वकिलांकडून शेजाऱ्यांचं लेखी घ्या, किती आणि कधी भरतात ते. हे करताना त्यांच्या घरी चहाला जाऊन करा, नोटीस पाठवून नको.

---

अबोली | १९ मे, संध्याकाळी ६.१०

सहा महिन्यांनी परत लिहितेय. मालकांनी मेपर्यंत थांबायची अट मान्य केली. साठेखतात पाण्याची ओळ घातली. मध्यस्थ नाराज होते, मालक नव्हते.

नोव्हेंबरात आमच्या टेपने पाणी २२ फूट भरलं होतं. काल चार फूट. नऊ फूट व्यासाच्या हिशेबाने तेव्हा ३९ हजार लिटरच्या आसपास आणि आता सात हजार. काल संध्याकाळी पंप लावून तीन फूट उपसलं आणि पोटमाळ्यावर झोपलो. पहाटे पाचला मी आणि सासरे बॅटरी घेऊन गेलो, तर पाणी जवळजवळ कालच्या खुणेला आलेलं. नैऋत्येच्या कोपऱ्यात तळाशी एक झरा आहे, बारीक वाळू उडवत वर येतो. सासरे किती तरी वेळ त्याच्याकडेच बघत होते.

क्लोराइड नोव्हेंबरात २८, आता २१०. चव किंचित मचूळ लागते. सामू ६.१. नायट्रेट १८. नोव्हेंबरच्या जैविक अहवालात कोलिफॉर्म (माती-मैल्यातल्या जंतूंचा मोठा गट, ई. कोलाय त्यातलेच) होते, ई. कोलाय नव्हते. गोठा ७० फुटांवर निघाला, पण कठड्याचा ओटा तिकडच्याच बाजूला फुटलेला आहे. आरशाने बघितलं तर तिथल्या दोन जोडांतून पाझर आहे. तो मालक स्वतःच्या खर्चाने भरून देतायत. नंतर निर्जंतुक करायचंय, त्याचं प्रमाण निवळीकाकांनी सांगावं. विहिरीत गप्पी मासे आहेत.

शेजारच्या वहिनी पहाटे पाचलाच आल्या होत्या, पिण्यापुरत्या दोन कळश्या न्यायला. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. त्यांचं लेखी झालं आहे: दोन घरं, रोज प्रत्येकी दोन कळश्या, पंप लावायचा नाही.

---

निवळी | २० मे, सकाळी ८.००

आकडे छान लिहून ठेवलेत. बांधकाम पूर्ण झालं की गप्पी मासे आधी बादलीत काढून ठेवा. एकदाच करायच्या कडक निर्जंतुकीकरणाला सात हजार लिटरला ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल साधारण एक किलो. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत ओता, पोहरा खालीवर करून ढवळा. पंप चालवून ते पाणी घरातल्या नळांपर्यंत येऊ द्या आणि रात्रभर ठेवा. त्या काळात कोणीही पाणी भरायचं नाही, वहिनींना आधी सांगा. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसा आणि ते पाणी माडांच्या आळ्यात किंवा पऱ्ह्यात सोडू नका. आठ-दहा दिवसांनी ओटी टेस्ट कोरी आली की नवा जैविक नमुना.

नेहमीची मात्रा याहून फार कमी, हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि तासभर थांबून मगच पाणी भरायचं. मेमध्ये सतरा-अठरा ग्रॅम लागेल तिथे दिवाळीत शंभर ग्रॅम लागेल, म्हणून दर वेळी आधी पाणी मोजा. टीसीएलचा डबा घट्ट बंद, कोरड्या जागी. उघडी राहिली की तिचा जोर जातो.

क्लोराइड २१० म्हणजे काठावर आहात. अर्ध्या अश्वशक्तीचाच पंप ठेवा, आणि एका दमात न उपसता सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं.

---

कळशी | २० मे, रात्री १०.३०

अबोलीताई, मुलगा आता बारा वर्षांचा आहे, अगदी ठणठणीत. आमची दोरी दर महिन्याला तोच सोडतो. पहिला मोठा पाऊस झाला की दोन तासांनी पाणी बघा आणि रंग इथे लिहा.